टेस्टचे पैसे कोण देणार?

आजचा विषय जुना वाटेल: कोविड टेस्टचे पैसे. पण शेवटपर्यंत ऐका, कारण उद्या घरात कुणाला डेंग्यूची टेस्ट करायची वेळ आली, तर विम्याचा घोळ बहुतेक तोच असणार आहे.

एप्रिल २०२१. मी लॅपटॉप घेऊन दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी, वर्क फ्रॉम होम. बाबांना ताप आला. मी म्हटलं, "बाबा, उद्या टेस्ट करून येऊ." ते म्हणाले, "तपासालेच एवढे पैसे, तं मंग बरं व्हाले किती लागन? दोन दिवस पाहू." मीही ताणलं नाही. त्या आठवड्यात आमचा रिलीज होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ऑक्सिमीटरवर ९३. धावतपळत यवतमाळ गाठलं. बाबा, आई आणि मी, तिघांनी एका लॅबमध्ये आरटीपीसीआर दिली, प्रत्येकी ५०० रुपये. डॉक्टरांनी बाबांचा एचआरसीटी करायला सांगितला, त्याचे २,५००. संध्याकाळी ऑक्सिजन ८९ वर आला आणि बाबा भरती झाले. सहा दिवस. बाबा घरी आले, आज ठणठणीत आहेत. पण ते दोन दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत.

कारण नंतर कळलं, बाबांचा हिशेबच चुकला होता. त्यांच्या डोक्यात २०२० चा आकडा होता. तेव्हा खाजगी टेस्टची कमाल मर्यादा ४,५०० रुपये होती. चार जणांचं घर म्हणजे १८,००० फक्त तपासायला! जून २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारनं ती २,२०० वर आणली, घरी येऊन नमुना घेतला तर २,८००. मग टप्प्याटप्प्यानं कमी होत ३१ मार्च २०२१ ला कलेक्शन सेंटरवर ५००, दवाखान्यात ६००, घरून ८००. डिसेंबर २०२१ मध्ये तर ३५०. म्हणजे बाबा ज्या पैशाला घाबरले, तेवढे पैसे लागणारच नव्हते. आणि सरकारी केंद्रावर टेस्ट फुकट होती. सुरुवातीला आपल्या जिल्ह्याचे नमुने नागपूरला जायचे, नंतर यवतमाळच्या वसंतराव नाईक सरकारी मेडिकल कॉलेजमध्येच लॅब सुरू झाली. हे बाबांना कुणी नीट सांगितलं नव्हतं. मीही नाही.

आता माझी चूक. मला वाटायचं, कंपनीची ग्रुप पॉलिसी आहे, त्यात आईबाबा आहेत, सगळं मिळेल. क्लेम टाकला. बाबांची आरटीपीसीआर मंजूर. एचआरसीटीचे २,५०० कापले. माझ्या आणि आईच्या टेस्टचे १,००० सरळ नामंजूर. मी चिडून मेलवर मेल टाकले. मग एका रात्री पॉलिसीचा कागद पहिल्यांदा पूर्ण वाचला. ऑफिसात ज्युनियरला "आधी डॉक्युमेंटेशन वाच" म्हणून ओरडणारा मीच बरं का.

तर गोष्ट अशी आहे. आपला नेहमीचा आरोग्य विमा भरती झाल्यावर चालू होतो. नुसती तपासणी करायची म्हणून होणारा खर्च त्यात बसत नाही. पण भरती झालात, तर त्याच आजारासाठी आधी केलेल्या टेस्ट 'भरतीपूर्व खर्च' म्हणून मिळतात. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या 'आरोग्य संजीवनी' पॉलिसीत भरतीआधीचे ३० दिवस आणि नंतरचे ६० दिवस धरले जातात. जुलै २०२० मध्ये आलेल्या 'कोरोना कवच'मध्ये हेच १५ आणि ३० दिवस होते. त्यात एक चांगलं होतं: पॉझिटिव्ह असाल आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं घरीच उपचार घेत असाल, तर १४ दिवसांपर्यंतचा खर्च टेस्टसकट मिळायचा. 'कोरोना रक्षक'चं वेगळं. किमान ७२ तास भरती असाल तर ठरलेली रक्कम एकदम, बिलांचा प्रश्नच नाही.

आणि महात्मा फुले जन आरोग्य योजना? मे २०२० मध्ये ती राज्यातल्या सगळ्यांना खुली झाली, रेशनकार्ड पांढरं असलं तरी. पण तीही यादीतल्या दवाखान्यात भरती होऊन उपचार घेण्यासाठी. रस्त्यानं जाता जाता टेस्ट करण्यासाठी नाही.

एप्रिल २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं आधी सांगितलं होतं की खाजगी लॅबमध्येही टेस्ट फुकट करा. पाचच दिवसांनी तो आदेश बदलला आणि फुकट टेस्ट आयुष्मान भारतवाले आणि सरकार ठरवेल त्या गरीब गटांपुरती राहिली. बाकीच्यांनी खिशातून द्यायचं.

मला यात खटकतं ते हे. आईची आणि माझी टेस्ट निगेटिव्ह आली. आम्ही दुसऱ्यांना लागण होऊ नये म्हणून वेळेत तपासलं, आणि विम्याच्या लेखी तो खर्च झालाच नाही. साथीमध्ये टेस्ट एकट्या माणसासाठी नसते, पूर्ण गावासाठी असते. म्हणून ती फुकट आणि जवळ असणं हे सरकारचंच काम आहे. विमा ती जागा घेऊ शकत नाही.

आता कामाचं. एक, टेस्टआधी डॉक्टरांची चिठ्ठी घ्या आणि तिचा फोटो काढून ठेवा. माझे एचआरसीटीचे पैसे चिठ्ठी जोडली नाही म्हणूनच कापले होते. चिठ्ठी सीटी सेंटरवरच राहिली होती. डॉक्टरांकडून पुन्हा लिहून आणली, पाठवली, २,५०० मिळाले. दोन, कच्ची पावती घेऊ नका. नाव, तारीख, टेस्टचं नाव असलेलं पक्कं बिल मागा. तीन, क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा, कंपनीकडे तक्रार करा, तरी नाही झालं तर विमा लोकपाल आहेत. तिथं फी नाही, वकील लागत नाही, पण वर्षाच्या आत जा.

आणि आज घरी फोन कराल ना, तेव्हा आईबाबांना एवढंच सांगा: ताप आला तर आधी सरकारी दवाखान्यात टेस्ट, पैशाचं नंतर पाहू. मी हे दोन दिवस उशिरा बोललो. तुम्ही नका करू.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.