बोटावर फिरणारं स्टिअरिंग

जुनी एसयूव्ही घेतली तेव्हा मला तिचं स्टिअरिंगच सर्वांत आवडलं होतं. एका बोटावर फिरायचं! बेलपाड्याच्या अरुंद गल्लीत गाडी वळवताना मी स्वतःवरच खूश असे. आणि एके दिवशी सायन-पनवेल महामार्गावर, ८०च्या वेगात, हात जरासा हलला नि गाडी थेट शेजारच्या लेनमध्ये. मागच्या सीटवर नात झोपली होती.

मेकॅनिक म्हणाला, "चाचा, पॉवर स्टिअरिंग खोलायच्या आधी हवा बघू." चारही टायरांत ४५ पौंड! ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर ३२ लिहिलेलं. हवा जास्त भरली की टायर रस्त्याला कमी टेकतो. हवा उतरवली, फरक पडला, पण थोडाच. मग त्याने मैदानात सावकाश वळण घेऊन हात सैल सोडले. स्टिअरिंग आपणहून सरळ यायला हवं. ते अर्ध्यावरच थांबलं.

टाय रॉडचे सांधे घट्ट होते. अलाइनमेंटला मात्र कॅस्टर कमी निघाला. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो ना, तसाच हा तिरकेपणा. त्याच्यामुळे धावतं चाक सरळ राहू बघतं. आधीच्या मालकाने गाडी उंच दिसावी म्हणून पुढच्या स्प्रिंगांवर स्पेसर चढवले होते. हौस त्याची, घाम माझा! स्पेसर काढले, कोन पुन्हा जुळवून घेतले.

आता गाडी लावताना जोर लागतो. "जड झाली हो गाडी," बायको म्हणते. होऊ दे.