वगळलेल्यांचे कलम



आर्थिक पुनरुत्थानाच्या सरकारी योजनेचे मोल कोणत्या मापाने मोजावे, याचा एक धडा अमेरिकेच्या इतिहासातून मी आज आपणांपुढे ठेवीत आहे.

४ मार्च १९३३ रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्षपदी आले, तेव्हा त्या संपन्न राष्ट्रातील सुमारे एक चतुर्थांश श्रमिक बेकार होते. 'न्यू डील' या कार्यक्रमाने बँका सावरल्या, धरणे उभारली, तरुणांस काम दिले. १९३५ साली वृद्धांस निवृत्तिवेतन व बेकारांस भत्ता देणारा कायदा केला. या कार्याचा मोठेपणा नाकारण्याचे कारण नाही.

परंतु त्या कायद्याच्या अंतरंगात डोकावून पाहा. शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळले होते. १९३८ च्या किमान वेतनाच्या कायद्याचे संरक्षणही त्यांना मिळाले नाही. कलमांत वर्णाचा उच्चार नव्हता. वगळलेल्यांत गोरे मजूरही पुष्कळ होते. तरीही कृष्णवर्णीय श्रमिकांपैकी निम्म्याहून अधिक लोक याच दोन कामांवर पोट भरीत होते, हे विसरून चालणार नाही. भेदाचे नाव न घेताही भेद पाळता येतो, तो असा!

कापसाचे भाव सावरण्यासाठी १९३३ पासून सरकारने पेरा घटविण्याबद्दल पैसे दिले. करार जमीनमालकाशी होत. वाटेकऱ्याचा हिस्सा मालकाच्या हातून जाई. अनेक मालकांनी तो गिळला आणि कष्टकऱ्यांनाच जमिनीवरून हुसकावले.

मग मार्ग कोणी काढला? पिळल्या गेलेल्यांनीच! १९३४ साली आर्कान्सा राज्यात काळ्या व गोऱ्या कुळांनी एकत्र संघ स्थापिला. १९४१ साली कामगारपुढारी फिलिप रँडॉल्फ यांनी राजधानीवर मोर्चा नेण्याचा इशारा देताच, युद्धसामग्रीच्या कारखान्यांत वर्णभेदास बंदी करणारा हुकूम २५ जून रोजी निघाला. शेतमजुरांस किमान वेतनाचे संरक्षण मात्र १९६६ च्या दुरुस्तीने, तेही अंशतःच, लाभले. घरकामगारांस तर १९७४ पर्यंत थांबावे लागले.

म्हणून माझे सांगणे एवढेच की, योजनेची घोषणा ऐकून टाळ्या पिटण्यापूर्वी तिच्यातील वगळलेल्यांचे कलम वाचा. शेवटच्या माणसाचे नाव तेथे असेल, तर ती योजना सुधारणा होय. नसेल, तर त्याने संघटित होऊन ते लिहावयास लावले पाहिजे.