दुबार पेरायचं? आधी रोपं मोजा

सोयाबीन उगवून आठवडा झाला की घरोघरी एकच बोलणं सुरू होतं, "पातळ वाटतंय, मोडून दुबार पेरायचं का?" बांधावरून बघून याचं उत्तर मिळत नाही. दुबार पेरणी म्हणजे पुन्हा एकरी 30 किलो बियाणं, पुन्हा मजुरी, आणि पैसे बहुतेक वेळा गटातूनच उचलायचे. म्हणून आम्ही आधी रोपं मोजतो.

दोन ओळींत 45 सेंटिमीटर आणि दोन रोपांत 5 सेंटिमीटर अंतर धरलं, तर एका चौरस मीटरात सुमारे 44 रोपं हवीत. काही जणी मीटरभराची लाकडी चौकट टाकतात. ओळीच्या पिकात ती फसवते. कधी दोन ओळी आत येतात, कधी तीन. त्यापेक्षा सुतळी बरी. 2 मीटर 22 सेंटिमीटर सुतळी घ्या, दोन्ही टोकांना काड्या बांधा आणि एका ओळीला लावून ताणा. तेवढ्या ओळीच्या वाट्याची जागा एक चौरस मीटर भरते. तिफणीचं अंतर 30 सेंटिमीटर असेल, तर सुतळी 3 मीटर 33 सेंटिमीटर लागेल.

जागा मात्र मनानं निवडायची नाही. पाय आपोआप चांगल्या पिकाकडे वळतात, आणि घरात वाद झाला असेल तर मुद्दाम वाईटाकडे! बांध सोडून आत शिरा, नागमोडी चाला, दर 40 पावलांनी थांबा. पायाशी येईल त्याच ओळीला सुतळी लावा. एकरात निदान पाच जागा घ्या.

समजा आकडे आले 41, 38, 12, 36 आणि 33. बेरीज 160, सरासरी 32. एकरात साधारण 4,000 चौरस मीटर, म्हणजे 1,28,000 रोपं. हवी होती पावणेदोन लाखांच्या आसपास. एवढ्यासाठी सगळं शेत मोडू नये, असं आमचं मत. जागा मिळाली की सोयाबीनला फांद्या जास्त फुटतात, थोडी तूट झाड भरून काढतं.

पण तो 12 चा आकडा सरासरीत लपला, त्याच्याकडे बघा. तिथं पाणी साचलं असेल, तर आधी चर काढून पाणी बाहेर काढा, वाफसा आला की तेवढ्याच जागेत टोकून नांगे भरा. उशीर केला तर नवी रोपं मागे राहतात आणि काढणीला पीक एकसारखं येत नाही.

पाचही जागी रोपं कमी निघाली तर गोष्ट वेगळी. ओळ उकरून बघा. बी खोल गेलं, कुजलं, की फुगलंच नाही? बियाण्याचा संशय आला तर शेत मोडू नका. पिशवी, तिच्यावरचं लेबल, पावती आणि उरलेलं बी जपून ठेवा, तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या, आणि अर्जात पाचही जागांचे आकडे तारखेसह लिहा.