कोयनेचा तडा



अध्यक्ष म्हणून उभं केलंत, आभारी आहे. अभियंत्यांच्या या अधिवेशनांना मी तीस वर्षं येतोय आणि बहुतेक वेळा मागच्या दाराजवळ, चहाच्या वासाच्या टप्प्यात बसलोय. अध्यक्षीय भाषण कुठून लांबायला लागतं हे तिथे बसलं की नेमकं कळतं. परिभाषेबद्दल आधीच माफी मागून टाकतो. कोशात ‘प्रतिबल’ आणि ‘विकृती’ असे चांगले शब्द आहेत, पण साइटवर आपण सगळे स्ट्रेस आणि स्ट्रेनच म्हणतो. आज मीही तसंच बोलणार आहे.

अधिवेशन कराडला भरतंय म्हटल्यावर विषय शोधावा लागला नाही. इथून कोयनानगर तासा-दीड तासावर. तुमच्यापैकी अनेकांनी ते धरण पाहिलं असेल, त्याच्या शिवसागर जलाशयाच्या काठावर डबा खाल्ला असेल. पण ज्यांनी ते कधी पाहिलेलं नाही आणि पाहण्याची शक्यताही नाही, अशी जगभरातली कितीतरी पोरं त्याला आतून ओळखतात. उंची १०३ मीटर. पाणी पायापासून ९१.७५ मीटर. खालच्या अंगाचा उतार ६६.५ मीटरवर एकदम मोडतो. काँक्रीटला तडा कसा जातो याचं नवं गणित कुणी मांडलं, की त्याची परीक्षा पुष्कळदा कोयनेवर होते. नावाजलेल्या सॉफ्टवेअरच्या उदाहरणांच्या पुस्तकातही ते आहे. चीनमध्ये, कॅनडात, इराणमध्ये कुणीतरी रात्री रन लावून झोपतो आणि सकाळी उठल्या उठल्या बघतो, तडा त्या मोडावर आला का.

११ डिसेंबर १९६७. पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटं. त्या भूकंपाबद्दल या भागातल्या माणसांना मी काही सांगावं असं नाही. जवळपास दोनशे माणसं गेली, घरं झोपेतच बसली. धरण उभं राहिलं. मात्र सांडवा सोडून धरणाचे जे उंच मोनोलिथ, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे आहेत, त्यांना दोन्ही अंगांनी आडव्या चिरा पडल्या. त्या पडल्या उतार मोडतो त्या पातळीच्या आसपास. काही ठिकाणी पाणी पाझरलं. डिझाइनमध्ये भूकंपासाठी धरला होता ०.०५, म्हणजे वजनाच्या विसाव्या हिश्श्याइतका आडवा जोर, खालपासून वरपर्यंत सारखा. धरणात नोंदवलेलं नदीच्या दिशेचं त्वरण निघालं गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ निम्मं. हे दोन आकडे एकमेकांवर ठेवून थेट भागाकार करू नये, एक स्थिर जोर आहे आणि दुसरा क्षणाचा धक्का. तरी काय चुकलं याची दिशा त्यातून कळते. सारखा जोर धरला की वरचा भाग किती झुलेल, हा प्रश्न गणितात येतच नाही. प्रत्यक्षात धरण झुललं, आणि बारीक झालेल्या मानेशी ताण गोळा झाला.

त्वरण ‘नोंदवलेलं’ म्हणालो, त्या शब्दावर थोडा थांबतो. धरणाच्या पोटातल्या गॅलरीत एक त्वरणमापक बसवलेला होता आणि त्या पहाटे तो चालू होता. एवढंच. बर्कले विद्यापीठाचे अनिल चोप्रा आणि चक्रबर्ती यांनी १९७३ साली तीच नोंद घेऊन गणित केलं. त्यात ताण काँक्रीटच्या ताकदीबाहेर गेला तो मोडाच्या आसपास, म्हणजे जिथे चिरा सापडल्या तिथेच. यंत्र बंद असतं किंवा चिरांची मोजणी फाइलीत राहिली असती, तर कोयना हे पुस्तकातलं उदाहरण झालंच नसतं. जगात धरणं काही कमी हललेली नाहीत. कोयनेजवळ धक्क्याची नोंद होती, भूमिती होती आणि तडा कुठे गेला ते उघड होतं. तिन्ही एकत्र सापडणं दुर्मीळ.

ज्या पद्धतीनं हे गणित होतं, तिला ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव रे क्लफ यांनी १९६० साली दिलं, तेही बर्कलेचेच. १९६२ साली क्लफ आणि एडवर्ड विल्सन यांनी ती धरणावर लावली, तेव्हाही धरण तडकलेलंच होतं. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातलं नॉरफोर्क धरण. तिथला तडा तापमानामुळे गेलेला. आपल्या कामातली ही सगळ्यात मोठी पद्धत धरणांच्या बाबतीत तड्यापाशीच जन्मली, हे मला फार बोलकं वाटतं.

आता जरा माझ्या ऑफिसात चला. गेल्या पावसाळ्यात काम थंड होतं, म्हणून नव्यानं आलेल्या एका मुलीला मी कोयना करायला दिलं. मुद्दाम साधं सांगितलं: मटेरियल इलॅस्टिक ठेव, मेश, म्हणजे गणिताची जाळी, आधी चार मीटरची, मग दोन, मग एक, मग अर्धा मीटर. चार दिवसांनी ती वैतागून आली. म्हणाली, “सर, मोडावरचा स्ट्रेस दर वेळी वाढतोच आहे, थांबायचं नाव नाही. सॉफ्टवेअरमध्ये काही गडबड आहे का?”

मी म्हटलं, “अगं, सॉफ्टवेअर खरं बोलतंय. आत वळणाऱ्या टोकदार कोपऱ्यात इलॅस्टिक सिद्धांताचं उत्तरच अनंत आहे. तू जितकी बारीक जाळी टाकशील तितकं ते अनंताच्या जवळ जाईल. तू कुठे थांबलीस त्यावर आकडा ठरतो.”

ती गप्प झाली, आणि मग तिनं विचारायला हवं तेच विचारलं: “मग आपण रोज जो लाल रंग बघून ‘फेल’ म्हणतो, तो कुठला?”

मला हे वाक्य या सभागृहाच्या दारावर लावायला आवडेल. ‘पास झालं का?’ हा आपल्या ऑफिसांतला सगळ्यात लाडका प्रश्न. रिपोर्ट हिरवा आला की पुढची फाइल उघडायची. पण हिरव्या-लालमागची जाळी कुणी टाकली, पाय कुठे घट्ट धरला, कुठे बिजागरीवर ठेवला, हे रिपोर्टाच्या पहिल्या पानावर मी आजवर क्वचितच पाहिलंय. चाळिसाव्या पानानंतर असतं, आणि तिथवर बिल पास करणारा पोचत नाही.

कोपऱ्याच्या या पेचातून सुटका कशी होते, तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर तरुण मंडळी म्हणतील म्हाताऱ्यानं नुसती भीती घातली. कापडवाल्याला बघा. तो कापडाला आधी कात्रीनं बोटभर चीर देतो आणि मग टर्रकन फाडतो. चीर दिली की कापडाची मूळ ताकद विचारण्यात अर्थ उरत नाही. हातभर फाडायला किती मेहनत पडते ते विचारावं लागतं. स्वीडनच्या हिलरबोर्ग यांनी १९७६ साली काँक्रीटला नेमकं हेच विचारलं: एक चौरस मीटर तडा उघडायला ऊर्जा किती? पुढे १९८३ साली बाझांट आणि ओह यांनी ती ऊर्जा जाळीतल्या घटकाच्या रुंदीशी बांधून दिली, म्हणजे जाळी बदलली तरी तडा जायला तेवढीच मेहनत पडावी. आमच्या मुलीनं मग तसं मॉडेल केलं. मेश अर्धी केली तरी उत्तर फारसं हललं नाही, आणि तडा खालच्या अंगाच्या मोडापासून निघून आत गेला. त्या संध्याकाळी तिनं ऑफिसला वडापाव दिला.

पण तिच्या इनपुट फाइलीत एक आकडा होता, तो मी लाल पेनानं गोल करून ठेवलाय. काँक्रीटचं इलॅस्टिक मोड्यूलस: ३१,०२७ मेगापास्कल. कोयनेवरच्या कामांत हा आकडा सर्रास सापडतो. शेवटचा सात बघा कसा तोऱ्यात उभा आहे! कॅल्क्युलेटर काढलात तर दिसेल, ४५ लाख पौंड प्रति चौरस इंच या गोल आकड्याला मेट्रिक सदरा घातला की जवळजवळ हेच येतं. म्हणजे कधीतरी कुणीतरी शहाणपणानं धरलेला ठोकताळा, एककं बदलल्यावर पाच अंकी काटेकोर दिसायला लागला. कोयनेचं काँक्रीट रबल काँक्रीट आहे, आत मोठे दगड टाकलेले. ते शेवटच्या अंकापर्यंत सगळीकडे एकसारखं असेल का, हे या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको.

दुसरी गोष्ट नॉर्वेची, जाळीच्याच चुकीची. स्टाव्हँगरजवळच्या गांड्सफ्योर्डमध्ये २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्लाइपनर-ए या समुद्रातल्या वायूच्या प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया चाचणीसाठी पाण्यात उतरवत होते. तो फुटून तळाला गेला. माणसं बचावली, नुकसान सुमारे ७० कोटी डॉलर. रचना डोळ्यांपुढे आणा: पाण्याचे रांजण एकमेकांना चिकटवून ठेवले की दर तीन रांजणांमध्ये एक तिकोनी पोकळी राहते. त्या पोकळीत समुद्राचं पाणी वरून मोकळं येणार होतं, रांजण मात्र जवळपास रिकामे. म्हणजे खोल जाईल तसा पोकळीतल्या पाण्याचा दाब छोट्या सरळ भिंतींवर बाहेरच्या दिशेनं वाढत जाणार. नेमक्या या भिंतीत जाळी जाड आणि वाकडी पडली, आणि कातरजोर सुमारे ४७ टक्क्यांनी कमी निघाला. त्यावर बेतलेल्या सळ्या आखूड पडल्या. नंतर नीट गणित केल्यावर भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असं उत्तर आलं. ती फुटली होती ६५ वर.

हे आपल्याला एवढं तपशीलवार माहीत आहे, कारण नॉर्वेनं चौकशी करून ती मांडली. चूक कुठल्या भिंतीत, किती टक्के, कुठली सळी किती आखूड, सगळं. पुढचा पाया बांधायचा तर वेळ नव्हता, म्हणून तिथल्या अभियंत्यांनी डिझाइन आधी जुन्या पद्धतीनं, हातानं केलं. संगणकाची उत्तरं येईपर्यंत काम बरंच पुढे गेलेलं होतं. नवा प्लॅटफॉर्म १९९३ साली उभा राहिला.

आता माझी गोष्ट. ती सांगणं भाग आहे, नाहीतर मी दुसऱ्यांच्याच भिंती फोडत बसलो असं होईल. बऱ्याच वर्षांपूर्वी एका साखर कारखान्याच्या शेडचं काम केलं. आत गँट्री क्रेन. मॉडेलमध्ये खांबांचे पाय मी फिक्स्ड धरले. हात सवयीनं गेला, दुसरं कारण नाही. क्रेनच्या पातळीवर खांब ६ मिलिमीटर सरकेल असं उत्तर आलं, आणि पास झालं. शेड उभी राहिली, गळीत हंगाम सुरू झाला, आणि फिटरचा फोन आला: “साहेब, क्रेन गेली की खांब नमस्कार करतो.”

मी गेलो तो तोऱ्यात, लॅपटॉप घेऊन. फिटरनं काही वाद घातला नाही. वर क्रेनच्या रुळाशी ओळंबा बांधला, खाली बादलीत तेल घातलं म्हणजे ओळंब्याचं वजन झुलू नये, शेजारी पोलादी पट्टी उभी केली आणि ऑपरेटरला म्हणाला, चालव. दोऱ्यानं १९ मिलिमीटर दाखवले. दुसऱ्यांदा चालवली, १८. मग खाली बसून पाय बघितला. बेसप्लेट पातळ, दोनच बोल्ट, तेही खांबाच्या मधल्या रेषेत. तो पाय बिजागरीसारखा वळायला मोकळा होता. ते ड्रॉइंग माझ्याच ऑफिसातून गेलं होतं. मॉडेलमधला पाय एक आणि ड्रॉइंगमधला दुसरा, आणि दोन्हींवर सही माझी. पुढे खांबांचे पाय काँक्रीटमध्ये गाडून घेतले, सरकणं ७ वर आलं. कारखान्यानं खर्च मागितला, तो मी दिला.

ही गोष्ट मी आज पहिल्यांदा जाहीर सांगतोय. इतकी वर्षं का नाही सांगितली? लाज वाटली, दुसरं काय. तुमच्या कपाटांतही अशा फाइली आहेत. काहींवर वाद चालू आहेत, काहींना गोपनीयतेच्या करारांची कुलुपं आहेत, ते मला कळतं. पण बाकीच्या बहुतेक फाइली नुसत्या संकोचानं बंद आहेत. आणि त्याच वेळी आपली मुलं सरकण्याचे आकडे तपासायला दुसऱ्या देशांतल्या चाचण्या शोधत हिंडतात. आपल्या पुलांवर, टाक्यांवर, शेडवर कुणी साधा ओळंबा लावून वही ठेवलेली नसते. कोयनेला एक यंत्र चालू होतं, त्याच्यावर जवळजवळ साठ वर्षं जगाचं शिक्षण चाललंय.

कार्यकारिणीला माझी विनंती आहे, आणि ती इतिवृत्तात यावी: पुढच्या अधिवेशनाचं पहिलं सत्र चुकलेल्या मॉडेलांना द्या. मालकाचं नाव नको, गावाचं नको. मॉडेलमध्ये काय धरलं, जागेवर काय मोजलं, फरक किती आला, एवढंच. नावं नोंदवायला वही बाहेर ठेवलेली आहे, पहिलं नाव मी घातलंय. शेजारी शेडचं ड्रॉइंग, तो चुकलेला रन आणि फिटरच्या हातची नोंद आहे. चहाला जाताना बघून जा.