वतन आणि मान
(गावच्या शाळेत पोळ्याआधी झालेले भाषण)



आपल्या हातून पुष्कळ गोष्टी घडतात त्या एका शब्दाच्या धाकाने. तो शब्द म्हणजे मान. त्याची आज थोडी झडती घेऊ.

आपल्याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी महार-मांग वतनदारांची परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तीस आले होते. वतनदार म्हटले की वाटते, केवढी ही इस्टेट! हिशेब करा. जमिनीचा तुकडा, तोही पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन उरलेला; आणि सुगीला खळ्यावरचे बलुते. त्याबदल्यात निरोप पोचवा, सारा भरण्यास रयत बोलावून आणा, अंमलदार आला की हाकेला उभे राहा. कामास वेळकाळ नाही. घरधनी आजारी पडला तर पोराने जावे. तरी पुष्कळांना वाटे, वाडवडिलांचे वतन सोडावे कसे? बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले. ते मागे घ्यावे लागले. मुंबई राज्यात ही वतने कायद्याने मोडली ती १९५८ साली. मध्ये तीस वर्षे गेली! एक पिढी त्यात राबून संपली.

यावर आपण कुणबी-माळी म्हणणार, हे सारे भटजींचे कारस्थान. जुन्नरजवळच्या ओतूरला बाळाजी कुसाजी पाटलांनी १८८४ साली भटजीवाचून लग्न लावले, जोश्यांनी हक्कासाठी फिर्याद केली, आणि हायकोर्टात पाटील जिंकले, हे आपण छाती काढून सांगतो. सांगावेच. पण खळ्यावर बलुतेदाराला दूर उभे करणारा जोशी नव्हता, तो आपला आजा होता. सुताराने, न्हाव्याने चार पायल्या जादा मागितल्या तर ‘माजला’ कोण म्हणे? आणि तोच सुतार खालच्या आळीच्या माणसाला घरात घेई काय?

आता पोळा आला. वेशीतून पहिली जोडी कोणाची, यावर दरसाल डोकी फुटण्याची वेळ येते. राबतो बैल, मान धन्याचा. वेशीचे तोरण वळतो मातंग. त्याची जोडी कितवी, हे कोणी विचारतही नाही.

माझी सूचना अशी: यंदा पहिली जोडी चिठ्ठी टाकून ठरवावी, आणि तोरण वळणाऱ्याचे नावही त्यात घालावे. चिठ्ठ्या मी लिहितो, डबा शाळेचा आहे. ज्याची हरकत असेल त्याने आत्ताच उभे राहून कारण सांगावे. ‘पूर्वापार चालत आले आहे’ एवढे कारण मात्र धरले जाणार नाही.