गाणं वहीत लिहावं की पट्ट्यांत मांडावं?

मी पनवेल तालुक्यातल्या बचत गटांचं समन्वयाचं काम करते. आज कर्ज, व्याज, परतफेड काही नाही. आज गाण्याची नोंद कशी ठेवायची ते बोलू या. नोंद नसली की काय होतं, हे गटातल्या बाईला वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे आगरी लग्नात धवलारीण धवले गाते. तिनं ते आईच्या नाहीतर सासूच्या मागे बसून, ऐकून ऐकून उचलले. आता मांडवात डीजे वाजतो आणि जाणत्या धवलारिणी थकत चालल्यात. लेकीसुनांना शब्द थोडेफार येतात, चाल येत नाही. म्हणून गटातल्या मुली विचारतात, "ताई, मोबाइलवर गाणं बनवतात, त्यात आजीची चाल उतरवता येईल का?" येते. त्याच्या दोन रीती आहेत.

पहिली रीत स्वरलिपीची. सारेगम लिहायची. आपल्याकडे पंडित विष्णु नारायण भातखंडे आणि पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर, या दोघांनी शंभरेक वर्षांपूर्वी आपापल्या लिप्या बसवल्या. भातखंडे लिपी सोपी आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. खालच्या सप्तकाच्या स्वराखाली टिंब, वरच्या सप्तकाच्या स्वरावर टिंब. समेला फुली, खालीला शून्य. हार्मोनियमचा क्लास लावलेल्या मुलीला हे वाचता येतं. कॉम्प्युटरवर मात्र 'म्युझस्कोअर'सारखी फुकट मिळणारी सॉफ्टवेअर पाच रेघांची पाश्चात्त्य लिपी वापरतात. ती वेगळी शिकावी लागते.

दुसरी रीत 'पियानो रोल'ची. पूर्वी आपोआप वाजणारे पियानो असत. त्यांत कागदाची गुंडाळी फिरायची. कागदाला भोकं पाडलेली असायची. भोक लांब, तर सूर लांब. तेच आता पडद्यावर आलं. डाव्या बाजूला पेटीच्या पट्ट्या उभ्या रचलेल्या, आणि पुढे चौकटीच चौकटी. चौकटीत बोटानं रंगीत पट्टी ओढायची. पट्टी वर गेली की सूर चढला, खाली आली की उतरला. लांब ओढली की सूर लांबला. फुल्यांचं भरतकाम चौकटी मोजून करतो, तसंच हे. सारेगम न शिकलेल्या बाईलाही जमतं, आणि लगेच ऐकून चूक कळते. 'बँडलॅब' या मोबाइलवरच्या फुकट अॅपमध्ये अशी सोय आहे.

मग चांगलं कुठलं? आपल्या गटात रोजकीर्द असते आणि खतावणी असते. पैसा तोच, मांडणी दोन, आणि कामंही दोन. इथेही तसंच आहे.

चाल बसवायची असेल, ताल जुळवायचा असेल, तर पट्ट्या बऱ्या. सगळ्या पट्ट्या एकदम निवडून वर-खाली सरकवल्या की गाणं आपल्या बायकांच्या गळ्याला सोसेल त्या सुरात येतं. लय कमी-जास्त करता येते. एक मात्र आधी बघा, मात्रा किती ते. अॅप उघडल्यावर बहुधा चारचारचे भाग असतात. केरव्याच्या आठ मात्रा त्यात बसतात. दादरा सहा मात्रांचा, त्यासाठी माप आधीच बदलून घ्या.

गाणं दुसऱ्याच्या हातात द्यायचं असेल, तर लिपी बरी. एका कागदावर अख्खं गाणं मावतं. झेरॉक्स काढली की दहा गटांत जातं. चार्जिंग नको, नेटवर्क नको.

दोन्हींत एक उणीव आहे. धवलारीण एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाते, मध्येच थांबते, श्वास घेते. पियानो रोलमध्ये सप्तकाचे बाराच घर. ती घसरण दोन घरांच्या मध्ये हरवते. शिवाय अॅप प्रत्येक पट्टी जवळच्या चौकटीला ओढून नेतं, म्हणून आजीचा ठेहराव सपाट होतो. लिपीत मींडेची कमान काढता येते, पण ती कशी घ्यायची हे गळ्यातूनच कळतं.

म्हणून आधी आवाज साठवा. जात्यावरच्या ओव्यांचं उदाहरण घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या कामातून एक लाखाहून जास्त ओव्या लिहून घेतल्या गेल्या. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साथीनं गाणाऱ्या बायकांचे आवाजही रेकॉर्ड झाले. आज 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या बायका ऐकू येतात. नुसते शब्द असते, तर चाल कुणी सांगितली असती?

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी धवलारिणीची परवानगी घ्या. पंखा, टीव्ही बंद करून मोबाइलवर सबंध गाणं रेकॉर्ड करा. शब्द वहीत लिहा. मग पट्ट्यांत चाल मांडा, तिलाच ऐकवा आणि ती सांगेल तिथे दुरुस्त करा. शेवटी पेटी येणाऱ्या मुलीकडून लिपीत उतरवून घ्या. प्रत्येक कागदावर, प्रत्येक फाइलवर गाणारीचं नाव, गाव आणि तारीख घाला. उद्या कुणी ते गाणं विकायला काढलं, तर ते कुणाच्या गळ्यातून आलं ते दिसलं पाहिजे. पैसे आलेच, तर पहिला वाटा तिचा. हे मासिक बैठकीत ठरवा आणि ठरावाच्या वहीत नोंदवा.

येत्या लग्नसराईआधी आपल्या गावातल्या एका तरी धवलारिणीकडे जा.