दातांची कीड : समज आणि शास्त्र
(यावल येथील कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा सारांश)



दात दुखू लागला की आपण "कीड लागली" म्हणतो. काही जण रिंगणीच्या बियांची धुरी घेतात आणि पाण्यात पडलेले "किडे" दाखवतात. ते दातातले नसतात. दातात अळी नसते. असतात ते डोळ्यांना न दिसणारे जिवाणू.

हॉलंडमधील कापड-व्यापारी लेवेनहूक यांनी 1683 साली स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर भिंगाखाली पाहिला आणि त्यात हलणारे सूक्ष्म जीव त्यांना दिसले. पुढे 1890 मध्ये मिलर या दंतवैद्याने दाखवून दिले की, हे जिवाणू तोंडातील साखर व पिष्ट आंबवून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दात झिजतो. यातील एका प्रमुख जिवाणूला क्लार्क यांनी 1924 मध्ये 'स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स' हे नाव दिले.

मी बँकेतला माणूस, म्हणून खात्याच्या भाषेत सांगतो. गोड खाल्ले की आम्लामुळे दातातील कॅल्शियम खर्ची पडते. नंतर अर्ध्या-एक तासात लाळ ते हळूहळू पुन्हा जमा करते. पण दिवसभर गोळ्या, बिस्किटे, गोड चहा चालूच राहिला, तर जमेला वेळच मिळत नाही आणि खड्डा पडतो. म्हणून गोड किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, हे जास्त महत्त्वाचे. आपला तालुका केळीचा. केळी जरूर खावी, पण नंतर चूळ भरावी.

हिरड्यांचा विकार वेगळा. 1965 साली डेन्मार्कमध्ये लो यांनी 12 निरोगी व्यक्तींना दात घासणे थांबवायला सांगितले. 10 ते 21 दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि घासणे सुरू करताच आठवडाभरात बऱ्या झाल्या. म्हणजे घासताना रक्त आले तर घासणे सोडू नये, उलट नीट घासावे. थर तसाच राहिला तर त्याचा दगड बनतो, आतले हाड झिजते आणि चांगला दातही हलू लागतो. झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही. मधुमेह असलेल्यांना हा धोका अधिक. डॉक्टरांकडून दात साफ केल्याने दात सैल होतात, हा गैरसमज आहे.

भगिनींना विशेष विनंती. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने दुखणे बधिर झाल्यासारखे वाटते, पण हिरड्यांची हानी होते, व्यसन जडते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. दंतमंजन व टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास केंद्र सरकारने 1992 मध्ये बंदी घातली. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. घरी भाजलेल्या मशेरीवरची बंदी मात्र आपणच घालायची आहे.

विनयपिटकातील चुल्लवग्गात भगवान बुद्धांनी भिक्खूंना दातवणाची अनुज्ञा दिली आणि त्याचे पाच लाभ सांगितले. तोंडाला दुर्गंधी न येणे हा त्यातील एक. अडीच हजार वर्षांची ही शिकवण आजही खर्चाची नाही. सकाळी आणि रात्री झोपताना फ्लोराइडच्या पेस्टने दोन मिनिटे दात घासावेत. विद्यार्थ्यांनो, आज रात्रीच घरी आजीला हे समजावून सांगा.

 जय भीम!